घासातला घास

शब्दांनाही कुळ असते, गोत्र असते आणि दूरदेशीची सोयरीकही असते. नित्य उच्चारलेल्या शब्दांच्या पोटात केवढा इतिहास दडलेला असतो, याची आपणांस बहुधा कल्पनाही नसते. इंग्रजीच्या पाठात वारंवार भेटणारा 'कंपॅनियन' हा असाच एक शब्द. 'सोबती' असा त्याचा अर्थ आम्ही वहीत उतरवून घेतो आणि पुढील शब्दाकडे वळतो. परंतु कोशाच्या आधाराने त्याचे मूळ शोधू लागावे, तो हा परका पाहुणा थेट आपल्या स्वयंपाकघराच्या दारी येऊन उभा राहतो!

लॅटिन भाषेत 'कॉम्' म्हणजे सह आणि 'पानिस' म्हणजे रोटी. या दोहोंच्या संयोगाने उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कंपानिओ' हा शब्द सिद्ध झाला. ज्याच्यासह आपण रोटी खातो, तो कंपानिओ. पुढे जुन्या फ्रेंच भाषेच्या वाटेने इ. स. १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला. चौथ्या शतकात ज्या गॉथिक भाषेत बायबलचे भाषांतर झाले, तीतही सोबत्याला 'गहलैब' असे म्हणत. 'सह' आणि 'रोटी' हेच त्या शब्दाचेही दोन अवयव. अशा एखाद्या शब्दावरूनच लॅटिन शब्द घडविला गेला असावा, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. भिन्न भाषा बोलणाऱ्या लोकांनी सोबत्याची ओळख एकाच खुणेने पटवावी, ही गोष्ट मोठी मनोज्ञ आहे. आपल्या शिदोरीतील घास जो दुसऱ्याला देतो, तोच सोबती, हे कोणा पंडिताने सांगण्यापूर्वीच माणसाच्या पोटाने जाणले होते.

याच 'पानिस'पासून पोर्तुगीज भाषेत रोटीचा वाचक शब्द झाला. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकून घेतला आणि त्यांच्या भाषेतील तो शब्द 'पाव' होऊन कोंकणीत व मराठीत कायमचा राहिला. गोव्यात घरोघर पाव पोहोचविणाऱ्या 'पोदेरा'चे नावही त्याच कुळातले. तेव्हा 'कंपॅनियन' या शब्दात आपला पाव दडलेला आहे, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

'कॉम्रेड' या शब्दाची कथाही अशीच आहे. स्पॅनिश भाषेत एका खोलीत राहणाऱ्या सोबत्याला 'कामारादा' म्हणत. 'कामारा' म्हणजे खोली. तिचे पोर्तुगीज भावंड आपल्याकडे 'कमरा' या नावाने नांदत आहे. एकाने घास वाटून घेतला, दुसऱ्याने छप्पर वाटून घेतले आणि दोघेही सोबती ठरले.

मात्र नाव सोबतीचे असले म्हणजे आचरणही तसेच असते, असे नाही. 'कंपनी' हा शब्द या रोटीच्याच कुळातला. इ. स. १६०० मध्ये लंडनच्या व्यापाऱ्यांनी ते नाव धारण केले आणि पुढे त्याच ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८५८ पर्यंत या देशावर सत्ता गाजविली. सहभोजनाचे नाव मिरविणाऱ्यांनी यजमानाच्याच ताटावर हात टाकला!

याहून विचार करावयास लावणारी कथा 'क्रोनी' या शब्दाची. दीर्घकाळ टिकणारा, या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सतराव्या शतकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो घडविला, असे कोशकार मानतात. म्हणजे हा तुमच्या-आमच्यासारख्या शिकणाऱ्यांचाच शब्द. सॅम्युएल पेपिस याने इ. स. १६६५ च्या रोजनिशीत आपल्या मृत शाळासोबत्याची आठवण काढताना तो मायेने योजिला आहे. आज तोच शब्द सत्ताधाऱ्यांच्या भोवती जमणाऱ्या लाभार्थी मंडळींना हिणविण्यासाठी वापरतात. आपल्या भाषेत तरी निराळे काय घडले? 'साथीदार' हा किती सुंदर शब्द! पण वृत्तपत्रात तो बहुधा चोराच्याच मागून येतो.

उत्तम शब्दांचे असे अधःपतन का व्हावे? आम्हांस वाटते, निष्ठेने सत्याचा हात सोडला, की शब्दही घसरू लागतो. खाल्ल्या मिठाला जागावे, अशी आपली शिकवण आहे. दुर्योधनाने अंगदेशाचे राज्य दिले, त्या उपकाराला कर्ण अखेरपर्यंत जागला. परंतु भर सभेत द्रौपदीची विटंबना चालली असता त्याने मित्राला आवरले नाही, उलट त्याच्या दुष्टपणात भर घातली. विदुरही हस्तिनापूरचेच अन्न खात होता. त्याने मात्र द्यूताला विरोध केला आणि त्या सभेतही कौरवांना खडे बोल सुनावले. मिठाला खरा कोण जागला? मित्राला विनाशाच्या वाटेवर साथ देणारा, की त्या वाटेवर आडवा उभा राहणारा?

हा प्रश्न केवळ पुराणातला नाही. मधल्या सुटीत आम्ही डबे उघडतो, तेव्हा कोणाची भाकरी, कोणाची पोळी, कोणाचा पाव एकमेकांच्या हाती जातो. त्या क्षणी आम्ही मुळाबरहुकूम कंपॅनियन असतो. पण परीक्षेत सोबत्याने चोरून उत्तरे लिहिली, किंवा एखाद्या दुबळ्या मुलाला सर्वांनी मिळून छळले, तर 'आपलाच आहे' म्हणून मौन धरावे काय? तसे मौन धरणारे सोबती पाहता पाहता 'साथीदार' होतात. चुकणाऱ्या मित्राला एकान्तात, प्रेमाने, पण स्पष्टपणे थांबविणे हे डब्यातील अर्धी भाकरी देण्याहून कितीतरी अवघड आहे; म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे.

शब्द घडविणारे पूर्वज निघून गेले. त्यांचा अर्थ उंचावर ठेवणे वा धुळीस मिळविणे, हे आता आपल्या आचरणावर अवलंबून आहे. घासातला घास देणारा आणि वेळप्रसंगी कटू सत्यही सांगणारा सोबती प्रत्येकास लाभो. आणि त्याहीपूर्वी, तसा सोबती होण्याचे बळ आपणांस लाभो!