विज्ञानकथा शिकवायची कुणी?

शाळेत विज्ञानकथा शिकवा म्हटलं की टोलवाटोलवी सुरू होते. विज्ञानाचे सर म्हणतात, गोष्टी म्हणजे मराठीचा विषय. मराठीच्या बाई म्हणतात, त्यात विज्ञान आहे, सरांनाच विचारा. तोवर पुस्तक कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मी दर शनिवारी सातवी-आठवीच्या मुलांबरोबर गोष्टी वाचतो. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचण्याआधी कागदाची लांब पट्टी घेतो, तिला एक पीळ देतो आणि टोकं चिकटवतो. ही मोबियसची पट्टी. मधोमध कापली तर काय होईल? सगळी पोरं ओरडतात, दोन कडी! कापल्यावर निघतं एकच, दुप्पट लांब. मग डाव्याचं उजवं कसं होत असेल, हा प्रश्न मुलंच विचारतात. फळ्यावर व्याख्या लिहावी लागत नाही.

'गंगाधरपंतांचं पानिपत'चंही तसंच. १७६१ साली मराठे जिंकले असते तर? याचं उत्तर लिहायचं तर आधी खरं काय घडलं ते शोधावं लागतं. एरवी सनावळीला कंटाळणारी मुलं त्यासाठी इतिहासाचं पुस्तक आपणहून उघडतात. ही कथा इंग्रजीतून एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. म्हणजे हे 'टाइमपास' नाही.

खुद्द नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. नाव बघून नाही, कथा बघून बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ गोष्टीला इतकं गंभीरपणे घेतो, आणि आपण?

काही पालक विचारतात, चेटकिणी-राक्षस वाचून पोरं अंधश्रद्धाळू नाही का होणार? माझा अनुभव उलटा आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण, मी खरी आहे, असा दावा करत नाही. मोबाइलवर येणारा फॉरवर्ड करतो. प्रत्येक गोष्टीनंतर आम्ही फळ्यावर तीन रकाने आखतो: खरं, शक्य, निव्वळ कल्पना. मुलं प्रत्येक घटना रकान्यात टाकतात आणि त्यावरून भांडतातही. मध्यंतरी एका मुलीनं घरी आलेला चमत्कारी औषधाचा मेसेज वहीत उतरवून आणला आणि विचारलं, "सर, हा कुठल्या रकान्यात?" ज्याला कल्पना ओळखता येते, त्याला थापही ओळखता येते.

मागणी फार मोठी नाही. पंधरा दिवसांतून एक तास, विज्ञान आणि मराठीच्या शिक्षकांनी मिळून घ्यायचा. गुण नकोत, परीक्षा नको. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे तुम्हीच. पुढच्या बैठकीत हा विषय काढा, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.