राखून ठेवलेला डाव

आमच्या बाळापूरच्या आखाड्यात वस्ताद एक डाव स्वतःजवळ राखून ठेवत. चेला उलटला तर असावा म्हणून! वस्ताद गेले अन् डावही गेला.

२०१८ साली जकार्ताला आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी कबड्डीत भारताला २७-२४ ने हरवलं. त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा रागच आला होता, घरचे डाव बाहेर का शिकवायचे? २०२३ मध्ये हांगझोऊला आपल्या मुलींनी सुवर्ण परत आणलं. चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५, एका गुणाने! तो सामना बघताना राग गेला. सोपं सुवर्ण गेलं, पण चुरस आली. तोडीचा गडी समोर नसेल तर आपला खेळ वाढणार कसा?

वस्तादांचा तो डाव आज कुणालाच येत नाही...