कडी लावायची वेळ

जबलपूरजवळच्या पनागरला मराठी घरं थोडी, परसात कोंबड्या असलेली त्याहून थोडी. आसपास जैन वस्ती, सोवळे शेजारी. अंड्याचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. म्हणून आमचं खुराडं घरामागे, आंब्याच्या आडोशाला उभं राहिलं. आडोसा शोधला शेजाऱ्यांसाठी, लाभला कोंबड्यांना. मे महिन्यात पारा 42च्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी टाकून धापा टाकणं एवढंच तिच्या हाती. त्या दिवसांत आंब्याची गर्द सावली पंख्यापेक्षा मोलाची.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन आतवर शिरत नाही. जोतं हातभर उंच, अर्धी भिंत विटांची, वर जाळी, छपरावर कवेलू. बाजारातली षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त पडते. कोंबडी तिच्याआड राहते खरी, पण मुंगसाला ती अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घ्यावी, आणि अंगणातल्या कुंपणाशी ती वीतभर जमिनीत गाडावी. हिवाळ्यात इथल्या वाटाण्याच्या शेतांवर धुकं उतरतं, तेव्हा गोणपाट लावून सगळं बंद करावंसं वाटतं. करू नये. कोरडी थंडी कोंबडी सोसते, कोंदट ओल सोसत नाही. छपराखालची फट उघडीच हवी. खाली चार बोटं भाताचं तूस. ते वरचेवर खालीवर करायचं. नाकाला झोंबणारा वास आला, की ते वाफ्यात टाकून नवं पसरायचं.

खुराडं झालं, की प्रश्न जातीचा. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यक विद्यापीठानं ‘नर्मदानिधी’ ही जात तयार केली आहे: तीन भाग ‘जबलपूर कलर’, एक भाग कडकनाथ. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कडकनाथचा बोलबाला फार. पण त्याची कोंबडी अंड्यांवर बसायला आळशी. त्यासाठी घरात एखादी गावठी असावीच.

आमची तांबडी खुडूक झाली की तिच्याखाली इतरांची अंडी सरकवायची. मग एकवीस दिवस ती कुणाची नसते. अंग फुगवून, डोळे अर्धवट मिटून बसते. हात पुढे केला तर घशातून खरखरते. दिवसातून एकदा उठायचं, घाईघाईनं दाणे टिपायचे, पाणी प्यायचं, धुळीत लोळायचं, की पुन्हा जागेवर. चोचीनं ती अंडी फिरवत राहते. शेवटच्या दिवसांत कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते, आणि ती हलक्या आवाजात उत्तर देते. जे अजून जन्मलंच नाही, त्याच्याशी चाललेलं ते बोलणं मी हातातली कामं टाकून ऐकलं आहे. पिल्लं बाहेर आली, की पहिल्याच आठवड्यात मानमोडीच्या लसीचा थेंब. त्यात हयगय नको.

संध्याकाळी उजेड विरू लागला की कोंबड्या आपणहून आत शिरतात. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, आणि हे त्यांना ठाऊक असतं. दांडीवर कोण कुठं बसणार यावरून थोडी चोचाचोच होते. कुणी कुणाला टोचायचं या उतरंडीवर शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकानं 1922 साली शोधनिबंध लिहिला होता. मग शांतता, आणि बाहेरून कडी लावायचं आपलं काम.

खरी मेख या कडीतच आहे. 1956पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. आमच्या घरांची सोयरीक अजून तिकडेच. लग्न असो की बारसं, सगळे एकदम गाडीत बसणार, हा रिवाज. खुराडं झाल्यापासून कुणीतरी एक मागे राहतो. उघड्या दारातून मुंगूस एकदा शिरलं, तर एका कोंबडीवर थांबत नाही.

तेव्हा परसात कोंबड्या पाळायचं मनात असेल, तर जाळी आणि जातीचा विचार नंतर करा. रोज दिवेलागणीला कडी लावायला घरात कोण असणार, ते आधी ठरवा.