भट्टी तापली म्हणजे झालें काय?

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें आणि खटपट करून तें पुन्हां चालूं झालें, कीं त्याची दुरुस्ती झाली असें आपण समजतों. विजेच्या ओव्हनच्या बाबतींत हा समज जिवावर बेतूं शकतो.

आमचें बिऱ्हाड पूर्णेच्या कांठीं, सिद्धेश्वर धरणाजवळ आहे. दिवाळीच्या फराळांत आमच्या वहिनींच्या नानकटाईस शंकरपाळ्यांच्या बरोबरीचा मान असतो. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं तक्रार केली कीं, नानकटाई वरून करपते आणि खालीं कच्चीच राहते. आजींची तक्रार निराळी होती: ओव्हनला हात लागला कीं बोटांस झिणझिण्या येतात. पहिल्या तक्रारीची घरांत चर्चा झाली; दुसरीवर मंडळी हंसली.

ओव्हनमध्यें वर एक व खालीं एक, अशीं दोन एलिमेंटें असतात. निकेल व क्रोमिअम यांच्या मिश्रधातूची तार नळींत बसवून भोंवतीं मॅग्नेशिअम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. अमेरिकेंतील आल्बर्ट मार्श यांनीं १९०६ सालीं या मिश्रधातूचें पेटंट मिळविलें. ती तांबडीलाल तापूनही लौकर जळत नाहीं. आमचीं एलिमेंटें प्रत्येकी ७५० वॅटचीं. दाब २३० व्होल्ट धरल्यास प्रत्येकाचा अवरोध सुमारें ७० ओहम यावयास हवा. प्लग काढून, ओव्हन थंड झाल्यावर आम्हीं मल्टीमीटर लावला. वरच्याचें माप बरोबर आलें. खालच्यांतून प्रवाह मुळींच जाईना. तार आंत तुटली होती, आणि नळीलाही बारीक तडा गेला होता. त्या तड्यांतून दमट हवा भुकटींत शिरून वीज ओव्हनच्या पत्र्यास पोंचत होती. दोन्ही तक्रारींचें मूळ एकच निघालें.

तेवढ्याच वॅटचें नवें एलिमेंट बसवितांच खालची बाजू तापूं लागली आणि झिणझिण्याही थांबल्या. घर खूष झालें. पण मल्टीमीटर हातांत होताच, म्हणून ओव्हनच्या पत्र्यापासून प्लगच्या जाड पिनेपर्यंत जोडणी पाहिली. ती ठीक होती. मग वायरमनला बोलावून भिंतींतील सॉकेट उघडविलें. त्याच्या अर्थच्या खिळ्यास तारच जोडलेली नव्हती! म्हणजे गळती बंद झाली होती, पण उद्यां ती पुन्हां झाल्यास तिला जमिनींत जाण्यास वाट नव्हती. वाट होती ती स्पर्श करणाऱ्याच्या देहांतूनच.

फ्यूज असतां भय कसलें, असें काकांनीं विचारलें. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. फ्यूज त्याहून मोठाच असावा लागतो. उलट, छातींतून ०.०३ अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह कांहीं क्षण गेला तरी मृत्यु ओढवूं शकतो, आणि तेवढ्यानें फ्यूज वितळत नाहीं. तेव्हां लाकडी पाटावर उभें राहून ओव्हन हाताळावा, ही तोड काकांनीं सुचविली. परंतु स्वयंपाकघरांत चपला न घालण्याचा दंडक, ओलें सोवळें, नुकतीच पुसलेली फरशी आणि धांवतीं मुलें. इतक्यांत पाटाची आठवण कोण ठेवणार? ज्या घरांत अनवाणी वावरणें हा आचार आहे, त्या घराला अर्थची तार इतरांहून अधिक आवश्यक आहे.

म्हणून वायरमननें ती तार जोडून तिची कसोटी घेईपर्यंत, आणि ३० मिलिअँपिअर गळतींतच प्रवाह तोडणारा स्विच बसवीपर्यंत, ओव्हन चार दिवस बंद ठेवला. वहिनींचा कणकेचा व साखरेचा हिशेब चुकला, त्या थोड्या रुसल्याही, आजी मात्र म्हणाल्या, "हंसलांत ना तेव्हां? आतां खुशाल भाजा."

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं घरांतील कोणी "जरा झिणझिण्या येतात" असें म्हटल्यास तें थट्टेवारी नेऊं नये. उपकरणाची जोडणी तरी घरीं पाहतां येते. भिंतींतील अर्थ मात्र जाणत्या वायरमनकडूनच तपासून घ्यावा, आणि तो तपासल्यावांचून दुरुस्ती पुरी झाली असें समजूं नये.