आत ओढणारी गळती

चालती गाडी मध्येच बंद पडली की चांगला मिस्त्री बॉनेटला हात लावण्याआधी विचारतो, "कशी बंद पडली?" दचकून की दमून? एका झटक्यात आवाज तुटला, की आधी पिकअप गेला, गाडीने दोन-चार आचके दिले आणि मग मान टाकली? धूर काळा होता, पांढरा होता, की धूरच नव्हता? चढ होता की सपाटी? टाकीत डिझेल किती होतं? आणि शेवटी तो प्रश्न, ज्याचं उत्तर तो सगळ्यात लक्ष देऊन ऐकतो: "परत चालू कधी झाली? लगेच, की जरा वेळाने?"

ड्रायव्हर या प्रश्नांना वैतागतात. माल अडकलेल्या माणसाला गाडी चालू हवी असते, चौकशी नको असते. मला मात्र हे प्रश्न ऐकायला फार आवडतात. जुन्या डिझेल ट्रकचं निदान या बोलण्यात सुरू होतं आणि अर्धंअधिक इथेच होतं, अशी माझी खात्री आहे.

माझ्या मामांचा ट्रक होता टाटा १२१०. लांज्याकडच्या खाणीवरून जांभ्याचा चिरा भरायचा, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि मलकापूरवरून कोल्हापूर गाठायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा रस्ता. त्या ट्रकच्या अंगावर खाणीची लाल धूळ अशी मुरलेली होती की पावसाळ्यातल्या पावसातही ती पुरती निघत नसे. सुट्टीत मी मामांबरोबर केबिनमध्ये बसून जायची. इंजिनाची ऊब पायाला लागायची, डिझेलचा वास कपड्यांना चिकटायचा, आणि दुसऱ्या गियरमध्ये घाट चढणाऱ्या सहा सिलिंडरांचा तो जड, एकसुरी आवाज कानात असा बसायचा की गाडीतून उतरल्यावरही तो तासभर चालूच राही.

तो आवाज घाटात थांबतो तेव्हा काय होतं, हे एकदा अनुभवायला हवं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद; टाकीत साठलेल्या हवेवर भागवायचं. क्लीनर चालत्या गाडीतून उडी मारावी तसा उतरतो आणि मागच्या चाकाला दगड लावतो. इतका वेळ इंजिनाच्या आवाजाखाली अख्खा घाट झाकलेला असतो, तो एकदम उघडा पडतो. रेडिएटरमध्ये पाणी खदखदताना ऐकू येतं. दरीतून वारा वर येतो. कुठेतरी वानरांचा हुप्प्या खाकरतो. मागून येणारी एसटी वळणावर हॉर्न देते आणि ड्रायव्हरचा चेहरा पांढरा होतो, कारण पाठीवर चिरा आहे आणि खाली उतार आहे.

आणि मग, विडी ओढून होईपर्यंत थांबलं की गाडी एका सेल्फमध्ये चालू व्हायची! जणू काही झालंच नाही.

मामांच्या ट्रकला हा रोग जडला तेव्हा तो कोणालाच सापडेना. शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दुपारभर उभी करून चालवली. एकदाही बंद पडली नाही. रिकामी पळवली, बंद पडली नाही. भरून घाटात गेली की बंद. गॅरेजवाल्यांनी आधी दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. मग फीड पंप बदलला. मग सहाही नोझल काढून टेस्टिंगला पाठवले. प्रत्येक वेळी गाडी दोन खेपा बरी चालायची, मामांना वाटायचं सुटलो, आणि तिसऱ्या खेपेला पुन्हा तेच वळण, तोच दगड, तीच विडी. शेवटी निकाल आला: "पंप करावा लागेल."

पंप करणं ही जुन्या ट्रकमालकाच्या आयुष्यातली मोठी गोष्ट. हा पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेली लोखंडी पेटी, आत सहा सिलिंडरांसाठी सहा प्लंजर. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट असते दोन-तीन मायक्रॉनची. तेवढ्या घट्ट जोडीतून डिझेल दाबलं जातं आणि साधारण २०० वातावरणांच्या दाबाला नोझलची सुई उचलली जाऊन धुक्यासारखं फवारलं जातं. जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ मध्ये असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, आणि त्यानंतर डिझेल ट्रकचं युग खऱ्या अर्थाने सुरू झालं. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला असे पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डायमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये तो करार संपला, ट्रकच्या नाकावरचा बेन्झचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचं 'टी' आलं. मामांच्या १२१०च्या पोटात हा सगळा वारसा होता. मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी नाशकातला मायको सर्कल मायको सर्कलच राहिला आणि गॅरेजमध्ये अजूनही कोणी म्हातारा मिस्त्री मायकोचाच पंप मागतो. अशी वस्तू उगाच उघडू नये. दोन-तीन मायक्रॉनच्या घरात धुळीचा एक कण गेला तरी तो घर खातो.

म्हणून मामा गाडी घेऊन साखरप्याच्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांचंही हेच म्हणणं होतं. "शेठ, पंप खराब असता तर सपाटीलाही दम सोडला असता. चालू व्हायलाही रडवलं असतं. ही तर एका सेल्फमध्ये घेते. पंपाला हात लावायचा नाही."

डिझेल इंजिन मुळात फार थोडक्यात समाधानी असतं. हवा दाबायची, ती इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपणहून पेटतं. प्लग नाही, ठिणगी नाही. या पिढीचं इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहील. त्याला श्वासाला हवा हवी आणि खायला डिझेल हवं, बस्स. तेव्हा ते चालता चालता थांबलं, तर या दोहोंपैकी काहीतरी कमी पडलं. धुळीने एअर क्लीनर तुंबला असता तर आधी काळा धूर ओकला असता. मामांची गाडी धूर न सोडता, आचके देत, उपाशी माणूस खाली बसावा तशी बसायची. म्हणजे डिझेलच पोचत नव्हतं.

आता टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. चेसिसच्या बाजूला टाकी. तिच्यात वरून सोडलेली नळी. तिथून पाइप फीड पंपापर्यंत. फीड पंप डिझेल ओढतो आणि पुढे फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. या रस्त्याचे दोन स्वभाव आहेत आणि निदानाचं सगळं मर्म त्यांत आहे. फीड पंपाच्या पुढची बाजू ढकलण्याची. तिथे वॉशर गेला, बोल्ट सैल झाला, की डिझेल बाहेर येतं, धूळ ओली होते, डाग दिसतो. मागची बाजू ओढण्याची. तिथे भेग पडली तर बाहेर थेंबही येत नाही; उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. भेगाळलेल्या नळीने उसाचा रस प्यायला जावं आणि तोंडात नुसती हवा यावी, तसं. डिझेल दबत नाही, हवा दबते. मग प्लंजर त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझलची सुई उचलत नाही. "गाडीने एअर धरली," म्हणतात ते हेच. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा, आधी पांढरा फेस येतो, मग तो विरळ होतो, मग स्वच्छ धार लागते आणि स्क्रू आवळायचा. एअर काढणं हे जुन्या ट्रकवाल्याला आंघोळीइतकं अंगवळणी पडलेलं असतं.

पण मामांच्या ट्रकला एअर काढावी लागतच नव्हती. नुसतं थांबलं की पुरे. मिस्त्री या गोष्टीपाशी बराच वेळ घुटमळले. हवा शिरली असती तर ती आपोआप कशी निघून गेली असती?

त्यांनी जे केलं ते मी फार जवळून पाहिलं. नवं काही बसवलं नाही. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडला, आणि टपावर बांधलेल्या डब्यातून एक वेगळी नळी खाली आणून तिथे जोडली. भरल्या गाडीने घाट चढला, एकदाही अडखळली नाही. मग डबा खाली, टाकीच्या उंचीला बांधला, म्हणजे फीड पंपाला स्वतःच्या ताकदीने ओढावं लागेल. गाडी तरीही चढली. बदललेले फिल्टर, फीड पंप, नोझल आणि ज्याच्यावर संशय होता तो मोठा पंप, सगळे निर्दोष ठरले. दोष मागे, टाकी आणि तिच्या पाइपात.

मग त्यांनी टाकीचा पाइप पुन्हा जोडला आणि मध्ये हातभर पारदर्शक नळी घातली. १२१०मध्ये इंजिनाचं झाकण केबिनमधूनच उघडतं. ते काढून ठेवलं, माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, "ताई, नळीवरून नजर काढू नका. बुडबुडे आले तर हवा. चपटी झाली तर अडथळा."

घाट सुरू झाला. कानठळ्या बसवणारा आवाज, तेलाची वाफ, आणि त्या सगळ्यात बॅटरीच्या उजेडात पिवळसर डिझेलची शांत वाहती कांडी. एकही बुडबुडा नव्हता. पहिलं वळण, दुसरं वळण. मग नळीच्या पोटाला बारीकशी खळी पडली. मी ओरडले. खळी खोल होत गेली, नळीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या, आणि काही क्षणांनी इंजिनाने आचका दिला. क्लीनर दगड घेऊन धावला. गाडी थांबली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती नळी हळूहळू फुगून पुन्हा गोल झाली.

मला आजही वाटतं, की त्या गाडीचा रोग त्या दिवशी मी प्रत्यक्ष पाहिला. असं भाग्य फार कमी रोगांच्या बाबतीत लाभतं.

टाकी उतरवली, रिकामी केली, धुतली. तळाशी लाल गाळ होता, थोडं पाणी होतं, आणि पातळ प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा. टाकीचं झाकण केव्हाच हरवलेलं, तोंडात चिंधी कोंबलेली. कुठल्याशा पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून चिंधीखाली पिशवी घातली असणार, तिचाच हा फाटका तुकडा. सपाटीला, कमी ओढीवर, तो तळाशी पडून राहायचा. चढाला इंजिन जास्त डिझेल मागायचं, ओढ वाढायची, आणि तो उठून नळीच्या तोंडाला बसायचा. इंजिन बंद, ओढ बंद, की सुटून पुन्हा तळाशी. विडी संपेपर्यंत तेवढा वेळ पुरायचा. उभ्या गाडीत हा दोष कोणालाच सापडला नसता. तो चढावरच, भाराखालीच अस्तित्वात यायचा.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना धुराचे भारत स्टेज सहा निकष सक्तीचे झाले. या नव्या गाड्यांचे पंप जुन्या पंपांच्या कितीतरी पट दाब देतात, संगणक क्षणाक्षणाची नोंद ठेवतो, धूर दिसत नाही. घाटातल्या गावांनी इतकी वर्षं जो काळा धूर गिळला तो आठवला की हा बदल मला मनापासून हवासा वाटतो. स्कॅनर डिझेलचा दाब पडल्याचंही सांगेल. पण टाकीच्या तोंडात चिंधी का आहे, हे विचारायला माणूसच लागेल.

हिशेबाच्या वेळी मात्र ड्रायव्हर अडला. "सामान तर काहीच घातलं नाही. मग एवढे पैसे कसले?" याच ड्रायव्हरने नोझलचं बिल, फीड पंपाचं बिल निमूटपणे मामांपुढे ठेवलं होतं. आपल्या गॅरेजच्या बिलावर सामानाचा रकाना असतो, मजुरीचा असतो, शोधण्याचा नसतो. त्यामुळे गरीब मिस्त्री सामान बदलत सुटतो, कारण विचार करत घालवलेल्या दुपारचे पैसे त्याला कोणी देत नाही. याचं मला अतोनात वाईट वाटतं. ज्यांना शोधता येतं अशी माणसं यामुळेच या धंद्यातून उठून गेली.

मामांनी ड्रायव्हरला गप्प केलं, सांगितलेले पैसे दिले आणि वर तेवढेच आणखी ठेवले. मिस्त्रींनी ते घेतले, पण एक अट घातली: टाकीला झाकण बसल्याशिवाय गाडी साखरप्यातून हलवायची नाही. तेव्हा चिरा तिथेच उभा राहिला आणि क्लीनर दुपारच्या एसटीने झाकण आणायला रत्नागिरीला गेला.