एस्चू

इंग्रजीतले काही शब्द छापील पानावर वरचेवर भेटतात, पण जिभेवर यायला लाजतात. ‘एस्चू’ हा त्यांतलाच एक. अर्थ सांगायचा तर टाळणे, दूर ठेवणे. मोठ्याने म्हणावा तर शेजारच्याला शिंक आल्यासारखे वाटते, म्हणूनच की काय, पुष्कळ जण त्याचा ‘एश्यू’ करून मोकळे होतात.

गंमत अशी की, हा लाजरेपणा त्याच्या रक्तातच आहे. इंग्रजांनी तो 14 व्या शतकात जुन्या फ्रेंचमधून उचलला. फ्रेंचांनी त्याआधी जर्मनच्या भाऊबंद बोलींतून घेतलेला. इंग्रजीतला ‘शाय’ याच कुळातला. शाय म्हणजे लाजरा, हे आपण शाळेत घोकले. पण रस्त्यात फडफडणारा कागद पाहून घोडा एकदम अंग चोरतो, तेव्हाही इंग्रज तोच शब्द वापरतो. आपण म्हणतो, घोडा बुजला.

म्हणजे मुळात हे बुजणे! पण शब्दही माणसांसारखे वय वाढले की धीट होत असावेत. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात ईयोब या सत्पुरुषाची ओळख करून देताना हाच शब्द योजला आहे. ईयोब दुष्टपणापासून दूर राहत असे. कागद पाहून बुजलेल्या घोड्यासारखा नव्हे, तर जाणूनबुजून.

हे जाणूनबुजून दूर राहणेच आज त्या शब्दात उरले आहे. वाटेतला खड्डा कोणी एस्चू करीत नाही, तो चुकवतात. सावकार दिसला की गल्ली बदलतात, तेही एस्चू नव्हे. मद्य, हिंसा, डामडौल या गोष्टी मात्र एस्चू करता येतात. कारण त्या हाताशी असतात आणि माणूस हात आखडता घेतो. दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले की, “मी गोड अव्हॉइड करतो हं,” असे म्हणत तिसऱ्या अनारशाला हात घालणारे सद्‌गृहस्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचे असतात. त्यांनी योजलेला शब्द अगदी बरोबर असतो!

मराठीत या शब्दाला ‘टाळणे’ पुरत नाही. माझ्या मते खरा जोडीदार ‘वर्ज्य’. गवई म्हणतात, भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. ते सूर त्याला येत नाहीत म्हणून नव्हे. ते घेतले तर भूप भूप राहणार नाही, म्हणून.

आणि त्याहून घरगुती शब्द हवा असेल तर ‘सोडणे’. काशीयात्रा केली की आवडीचा एखादा जिन्नस तिथे सोडून यायचा, अशी आपल्याकडे रीत होती. हुशार माणसे कारले सोडून येत. माझ्या आजीने आंबा सोडला. कोकणातली बाई, आणि आंबा! आम्हां मुलांना ते पटेना. तिला आंब्याचा कंटाळा आला असेल, किंवा तो बाधत असेल, अशी आमची अटकळ. पण तसे असते तर ती आंब्यापासून लांब बसली असती. ती आढीपाशीच बसे. गवत बाजूला सारून एकेक फळ नाकाशी नेई, “हा आज, हा परवा, याला अजून चार दिवस,” असे सांगत वाटण्या करी. रस तीच काढी. कोपरापर्यंत हात माखलेले, आणि बोट चुकूनही तोंडाकडे जात नसे. मग विहिरीवर जाऊन स्वच्छ हात धुवी.

एकदा धाकट्या भावाने विचारले, “आजी, चव आठवते का गं तुला?”

“न आठवायला काय झाले?” ती म्हणाली, आणि पुढचा आंबा माचवू लागली.