जाण्याआधीचे तीन दिवस

आपल्या कोकणी घरांत समुद्रावर सुट्टीला जाण्याचा रिवाज नव्हता. समुद्र ही कमवायला जाण्याची वाट होती. आमचे वालिद जहाजावर खलाशी. रजेवर घरी आले की पाण्याकडे पाठ करून अंगणात बसत. गावातला कोणी कुवेतला, कोणी बहरीनला, कोणी त्याही आधी आफ्रिकेला गेलेला. हजची जहाजेसुद्धा १९९५ पर्यंत मुंबईहून सुटत. बायकांच्या वाट्याला निरोप देणे आणि खताची वाट पाहणे.

यंदा उलटे झाले. मस्कतच्या एका भारतीय शाळेत आम्हाला गणिताची जागा मिळाली. (आम्ही म्हणजे एकटीच, उर्दू शाळेत 'हम' म्हणायची सवय मराठीतही सुटत नाही.) शौहरांची नोकरी भिवंडीत, मुलगा चौथीत, तेव्हा ते दोघे इथेच राहणार. अकरा वर्षे विनाअनुदानित शाळेत काढल्यावर त्या पगाराला नाही म्हणणे परवडणारे नव्हते. एप्रिलमध्ये हजर व्हायचे होते. ईदचे पाहुणे सरताच शौहर म्हणाले, "चला, तीन दिवस मुरूडला खालाकडे. तिकडे गेल्यावर कसली सुट्टी?"

पहिला दिवस झोपण्यात गेला. खालाने तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचे कालवण केले. आम्ही जेवलो आणि पुन्हा झोपलो. किती महिन्यांनी कोणी आम्हाला ताट वाढून दिले होते!

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. अगदी जवळ जाईपर्यंत या किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. मुलगा घाबरून म्हणाला, "अम्मी, आत जायचं कुठून?" आमच्याही मनात तोच सवाल होता, पण दुसऱ्या जागेबद्दल. आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत, चहूबाजूंनी खारा समुद्र असताना. सिद्दी हबशाहून आलेले परके लोक. त्यांचे राज्य १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. पण त्यांना कोणी इंग्रजीतून अपूर्णांक शिकवायला सांगितले नव्हते.

खरी भीती तीच. गणित आम्हाला येते, ते उर्दूत येते. अंशाला आम्ही 'शुमार कुनिंदा' म्हणतो, छेदाला 'नसब नुमा', त्रिकोणाला 'मुसल्लस'. हे शब्द तोंडात आले की फळ्यावरचा हात आपोआप चालतो. 'न्यूमरेटर' म्हणताना आधी जीभ अडते, मग हात. बी.एड.ला मातृभाषेतून तालीम या विषयावर पानेच्या पाने लिहिली होती. परक्या भाषेत उभ्या राहिलेल्या शिक्षकाचे काय, हे कुठल्याच पेपरात विचारले नाही.

म्हणून संध्याकाळी सुरूच्या बनात मुलाला विद्यार्थी केले. ओल्या वाळूवर काठीने तीन चतुर्थांश लिहिले आणि इंग्रजीत समजावू लागलो. तो निमूट ऐकत होता. शौहर जरा लांब बसून शेंगा सोलत होते. आम्ही अडलो की मुद्दाम पाण्याकडे बघत. दहा मिनिटांनी मुलगा म्हणाला, "समजलं. पण तुम्ही उर्दूत हसता, इंग्रजीत हसत नाही." त्याला उत्तर सुचले नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तो आमच्याशिवाय वर्षभर राहणार, हा विषय तिघांपैकी कोणी काढला नाही. रात्री मात्र त्याने, बऱ्याच वर्षांनी, आमच्या ओढणीचे टोक मुठीत धरून झोप काढली.

निघायच्या सकाळी खालाने सुक्या बोंबलांचे पुडके आणून ठेवले.

"तिथे मासे मिळतात का ग?"

"मिळतात खाला. समुद्र हाच आहे. सुरमईसुद्धा हीच, तिला कनद म्हणतात."

"नाव बदललं की चव बदलते," म्हणत तिने पुडक्याला आणखी एक कागद गुंडाळला, वर सुतळी बांधली. शौहर बॅगेच्या वजनाचा हिशेब मनात करत उभे होते. त्यांनी एक जाडजूड पुस्तक बाहेर काढले आणि बोंबील आत ठेवले.